बिकेनमोआचा माथा

रोतिया : मामा, हे दगड कुणी रचले?

तबोकाई : अगं, आधी होडीतून उतर तरी! डोळे भरून बघ. कसं दिसतंय?

रोतिया : कुणी रचले?

तबोकाई : कुणी म्हणजे? आम्ही! अख्खं गाव आलं होतं शनिवारी. म्हटलं, आपली रोतिया जमीन खात्यातली एवढी मोठी मोजणीवाली. आजच्या दिवसासाठी किती वर्षं भांडली पोर. आणि ऐन उधाणात आपलं बिकेनमोआ बेट बुडालं तर? म्हणून कमरेएवढं उंच करून टाकलं. आता येऊ दे म्हणावं समुद्राला!

रोतिया : अरे देवा. मामा, माणसानं रचलेलं चालत नाही!

तबोकाई : चालत नाही? का?

रोतिया : वाळूचा ढीग आपोआप साठलेला लागतो. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीला त्याचा माथा कोरडा राहिला, तर ते बेट, आणि भोवतीचा समुद्र आपला. वर दगड चढवले की ते बेट नाही, बांधकाम!

तबोकाई : हा कायदा कुणी केला?

रोतिया : केला कुणीतरी लांब बसून.

तबोकाई : माझा आजा इथं मासे वाळवायचा. तेव्हा कुणी मोजपट्टी घेऊन आलं नाही ते!

रोतिया : तेव्हा एवढाली जहाजंही येत नव्हती. तुझं जाळं कापून गेलं त्या जहाजाचा कप्तान काय म्हणाला होता?

तबोकाई : म्हणाला, म्हाताऱ्या, नकाशा दाखव.

रोतिया : मग तो नकाशा आज ठरतोय. हे बुडालं तर हद्द मागे सरकणार, आणि तुमच्या होड्या जिथं जातात तिथं ती जहाजं हक्कानं घुसणार. कळलं?

तबोकाई : ...वेळ किती आहे?

रोतिया : तासभरसुद्धा नाही. मग कॅमेरा सुरू. उपग्रहावरून चित्र थेट जातं, जहाजवाल्यांचे वकील डोळे लावून बसलेत.

तबोकाई : मग त्या कॅमेऱ्याचं तोंड जरा तिकडं फिरवलं तर...

रोतिया : मामा!

तबोकाई : बरं, नाही बोललो.

रोतिया : एक खोटं सापडलं तर आपली बाकीची बेटंही कुणी खरी धरणार नाही. चल, उचल दगड. लांब फेक! आणि फक्त तुम्ही आणलेलेच हं. इथला पोवळ्याचा खडा हलता कामा नये. ओळखू येतील ना?

तबोकाई : न ओळखायला काय झालं? आपल्या जुन्या सभाघराचे आहेत. चुना लागलाय बघ. वादळात सभाघर पडलं, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या बसायच्या जागेचा दगड घरी नेऊन ठेवला होता. तेच दिले सगळ्यांनी.

रोतिया : तेच? आणि आता आपण ते...

तबोकाई : आता बोलू नको, फेक! हा उरिआमकडचा. गेला! हा चिक्कू मोतेतीचा. बघ, दगडसुद्धा हात आखडून दिलाय मेल्यानं.

रोतिया : हसवू नको, हातातून सुटेल! भराभर!

तबोकाई : हा पाद्रीबुवांचा. जड आहे गं... गेला! आणि हा...

रोतिया : टाक ना. पाणी चढतंय.

तबोकाई : हा तुझ्या आईचा आहे. अंगात ताप होता तरी स्वतः होडीपर्यंत घेऊन आली.

रोतिया : इकडे दे.

तबोकाई : राहू दे, मी टाकतो.

रोतिया : नको. मी टाकते.

(दगड पाण्यात पडल्याचा आवाज.)

रोतिया : आईला मीच सांगेन. झाले ना सगळे? आता ही तिवई धर. सरळ! हं, यंत्र लागलं. कॅमेरा सुरू. पाण्यात उतर आता, माथ्यावर पाय नको. आपल्या वजनानं वाळू खचेल.

तबोकाई : पाणी मांडीला लागलं की गं.

रोतिया : मामा, दगड रचायच्या आधी हा माथा केवढा उंच होता, बघितलं होतंस?

तबोकाई : कोण बघतंय! गाणी म्हणत होतो आम्ही.

रोतिया : म्हणजे हे कोरडं राहील की नाही, कुणालाच माहीत नाही.

तबोकाई : ती लाट बघ! आली, आली! तिवईचा पाय भिजला!

रोतिया : भिजू दे. मधला माथा भिजता कामा नये.

तबोकाई : दुसरी आली! चढू नको गं बाई, चढू नको, माघारी जा...

रोतिया : मामा, हात सोड, दुखतोय.

तबोकाई : मी कुठं धरलाय? तूच धरलायस!

रोतिया : गप्प. गप्प जरा. पाणी थांबलंय.

तबोकाई : थांबलं?

रोतिया : उतरतंय! तो ओला पट्टा दिसायला लागला बघ! माथा कोरडा आहे, मामा! राहिलं! आपलं बेट राहिलं!

तबोकाई : राहिलं! अगं पोरी, राहिलं! किती राहिलं?

रोतिया : सात सेंटिमीटर.

तबोकाई : माझी चार बोटं म्हण की! चार बोटांवर एवढा सगळा समुद्र?

रोतिया : एवढा सगळा!

तबोकाई : दुनिया वेडी आहे. ये इकडं, नाच माझ्याबरोबर!

रोतिया : अरे, वकील बघतायत!

तबोकाई : बघू देत की! नाचायला कायदा आहे का काही?

रोतिया : पाडशील मला! थांब, वेळ भरली. कॅमेरा बंद केला.

तबोकाई : रोतिया, गावाला काय सांगू गं? सभाघराचे दगड समुद्रात फेकून आलो म्हणून?

रोतिया : सांग, ते उतरवले तरी बिकेनमोआ बुडालं नाही.

तबोकाई : हं. सांगतो. आता बसलं तर चालेल का वर?

रोतिया : बस, मामा. आपलंच आहे.