शाळेपाशी सरळ केलेला रस्ता

हाडांच्या दवाखान्यात मी गुडघा धरून बसले होते. शेजारी बहीणभाऊ कुजबुजत होते. गुडघा गेला तरी माझे कान शाबूत आहेत.

“येरझाऱ्या घालू नकोस, बस.”

“ताई, त्या पोरीचा पाय वाचेल ना गं?”

“डॉक्टर बाहेर आले की कळेल. किती वेगात होतास?”

“सत्तर.”

“शाळेपाशी? तिथे तीसची पाटी लावलीय मी.”

“आणि वळण काढून रस्ता सरळ, रुंद कुणी आखला?”

“मीच.”

“वळण होतं तेव्हा ब्रेक आपोआप दाबला जायचा. आता गाडी कधी पळायला लागली, कळलंच नाही.”

“म्हणजे चूक माझी?”

“गाडी मी चालवत होतो. पोलीस आलेत, काय सांगू?”

“तू वेग खरा सांग. रस्त्याचं मी सांगते.”