खोकल्याची जागा

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागायला अवकाश होता. मास्तरांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून ते डोळे मिटून बसले होते. कान मात्र उघडेच होते. मागच्या बाकावर कुणा बाईंच्या फोनवर एका कार्यक्रमाच्या व्हिडिओत पियानो, व्हायोलिन आणि चेलो वाजत होते. शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईंनी विचारलं,

"छान वाजवतात हो तिघं! यात मुलगा आहे का तुमचा?"

"छे हो! आमचे हे, हा कार्यक्रम झाला त्या सभागृहाचा पियानो सुरात लावायचे. चाळीस वर्षं. कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसायचे."

"मग यात दिसतात का?"

"दिसत नाहीत. खोकतात."

"काय?"

"थांबा. आता पहिला भाग संपेल, सगळं शांत होईल... ऐकलंत?"

"अगंबाई, खोकलाच की!"

"त्यांचाच. सबंध वेळ दाबून धरला होता. शूटिंगवाला म्हणाला, काकू, एवढा काढून टाकतो. म्हटलं, बाकीचं काढ हवं तर."

"केव्हा गेले?"

"दोन वर्षं होतील. फोटो ढीगभर आहेत, आवाज एवढाच."

"आणि लगेच खेकसते ती बाई कोण?"

"मीच. 'अहो, लोक बघतायत!'"

मास्तरांना वाटलं, आता दोघी हसतील. कुणीच हसलं नाही.

"मला ते मागे नेता येत नाही हो, नीट दिसतच नाही. जरा लावून द्याल?"

"द्या इकडे. कुठपासून?"

"शांत होतं तिथपासून. आणि मी खेकसायच्या आत बंद करा."