वरच्या खोलीचं भाडं

करसल्लागाराच्या बाहेरच्या खोलीत पंखा पेंगत पेंगत फिरत होता. आपल्या भाड्यानं दिलेल्या घराची फाइल मांडीवर घेऊन शिक्षिकाबाईही पेंगत होत्या. शेजारी बसलेल्या आजी-आजोबांचं बोलणं त्यांच्या कानावर अर्धवट स्वप्नासारखं येत राहिलं.

"अहो, यंदा तरी वरची खोली रिकामी आहे असं लिहा."

"बघू."

"बघू काय? व्हायोलिनवाले मास्तर देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली. न आलेल्या भाड्यावर कर भरणारे तुम्हीच एक दीडशहाणे!"

"रिकामी लिहायला हात धजत नाही गं. दुपारी जरा डोळा लागला, की वर कुणी सूर लावतंय असं वाटतं."

"वारा असतो तो."

"वारा बरा रोज चारलाच येतो, मास्तरांच्या शिकवणीच्या वेळेला!"

"आतले साहेब हसतील तुम्हाला."

"हसू देत. बावीस वर्षं त्या माणसानं भाड्याची तारीख चुकवली नाही. त्याला मी एका ओळीत घराबाहेर काढू?"

आजींनी मांडीवरची पिशवी उघडली. पंख्यानं चार गिरक्या घेतल्या.

"मग दुरुस्तीचा खर्च तरी वजा करून घ्या."

"कसली दुरुस्ती?"

"गेल्या महिन्यात वरच्या खिडकीला नवी काच बसवून घेतली मी. पावती आहे पिशवीत."

"मला बोलली नाहीस ती?"

"त्यात बोलायचं काय? फुटक्या काचेतून गार वारा येतो. मास्तरांचा खोकला ठाऊक आहे ना तुम्हाला?"