काकूंची खुर्ची आणि माझी सही

‘...सगळं म्हणे शेजारणीच्या नावावर...’ एवढंच ऐकलं हो मी! तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानावरून चालले होते, तो गिऱ्हाइकाला सांगत होता, ‘म्हातारीनं म्हणे सगळं शेजारणीच्या नावावर...’ आणि तेवढ्यात मी दिसले आणि त्यानं टाचण्या घातल्या तोंडात! चार टाचण्या! आता तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला तुम्ही काय विचारणार? मी विचारलंच म्हणा, तर म्हणतो, ‘उंहूं.’ उंहूं काय? शेजारीण म्हणजे मी! आमच्या मजल्यावर दारंच दोन, एक काकूंचं, एक माझं, आणि काकूंना जाऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते...

नाही नाही, आत नाही येत. बसायला वेळ नाहीये मला. उभ्याउभ्याच सांगते.

तर काकू. माझ्या कोणी सख्ख्या नव्हेत, भिंतीला भिंत, तेवढंच नातं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली बाईंनी, त्यामुळे नजर अशी, की औषधाच्या बाटलीवर वेलांटी चुकली असेल तर आधी लाल पेन्सिलीनं ती दुरुस्त करायच्या आणि मग औषध घ्यायच्या! पाय गेले तशा पलंगावरच. लेक नोकरीसाठी लांब. किल्ली माझ्याकडे, नऊ वर्षं. रोज चारच्या ठोक्याला मी जायचे. पलंगासमोर खिडकीत एक वेताची खुर्ची होती, तिची पाठ धरून उभी राहायचे आणि म्हणायचे, ‘काकू, बसत नाही हं, वेळ नाही.’ आणि सहा वाजेपर्यंत उभी! काकू म्हणायच्या, ‘अगं, टेक की जरा. चावते का खुर्ची?’ मी म्हणायचे, ‘नको, बसलं की अर्धा तास सहज जातो.’ उभ्यानं दोन तास गेलेले चालायचे मला!

तर एक दिवस वकिलाचा कारकून मृत्युपत्र ठेवून गेला. ‘दोन साक्षीदारांसमोर तुमची सही, मग त्यांच्या सह्या, पाकीट बंद करून ठेवा, संध्याकाळी नेतो.’ एक साक्षीदार हा शिंपी, तो आला वर. दुसऱ्या साक्षीदार म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, त्या कुणाच्या तरी दाढेत अडकलेल्या. आणि मी समोर उभी! धडधाकट! लिहिता-वाचता येतंय! मी म्हटलं, ‘मी आहे की, काकू!’

काकू म्हणाल्या, ‘तू नको.’

तू नको! तेही शिंप्यासमोर! ज्यानं यांच्या पडद्याची एक बाजू वीतभर आखूड शिवली तो चालतो, आणि नऊ वर्षं जिच्या जुडग्यात यांची किल्ली, ती नको? ‘अगं, डॉक्टरीण येईल, थांबू या,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘विश्वास नाही म्हणा ना तसं सरळ.’ आणि तोंड फिरवलं. पाणी आलं हो डोळ्यांत, खोटं कशाला सांगू? काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीकडे बघितलं... बराच वेळ. म्हणाल्या, ‘बरं. कर सही.’

मजकुरावर वर्तमानपत्र झाकलेलं, खाली सहीपुरती दोन बोटं जागा उघडी. किती मान वाकडी केली मी! अख्ख्या इमारतीत कुणाच्या घरी काय चाललंय ते मला ठाऊक, आणि नेमकी त्या कागदावरची एक ओळ दिसू नये? एक ओळ हो! ती दिसली असती तर... पण नाही दिसली. केली सही. चांगली ठसठशीत. खाली दोन रेघा ओढल्या.

आठ दिवसांनी काकू म्हणतात, ‘वकिलाकडे जाऊन येशील? कागद नवा करायचाय.’ मी म्हटलं, ‘अहो, झालं की एकदा! आता कुठला स्वल्पविराम चुकला? पुढच्या आठवड्यात जाते, आत्ता मेलं वेळ कुठाय?’ पुढच्या आठवड्यात काकू दवाखान्यात. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात...

काय सांगत होते मी? हां, टाचण्या.

तर ते ‘सगळं शेजारणीच्या नावावर’ माझ्या आधी लेकीपर्यंत पोचलं. ही पोरगी पहिली नोकरी सुटली तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होती. आईला सांगू नका म्हणाली, तर मी... मी! अजून कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हालाच काय ते. तर ती दारात आली, हात पुढे केला. ‘मावशी, किल्ली द्या जरा.’ जरा म्हणाली हो! जरा म्हणजे परत मिळायची असते ना वस्तू? दुसऱ्या दिवशी कुलूपच बदललं. मी जिन्यात आले की बोलणी बंद. नऊ वर्षं जिची उशी मी पालटली, तिला मी गुंडाळली म्हणे!

मग वकिलानं बोलावलं सगळ्यांना, शिंप्याला आणि मलासुद्धा. वकील नाकात बोलतो. ‘घर माझ्या मुलीस. पुस्तके वाचनालयास.’ मी शिंप्याकडे बघितलं. टाचण्या नव्हत्या, तरी तोंड बंद! आणि मग वकील वाचतो, ‘कलम सात. माझ्या शेजारणीस, जी रोज येते आणि बसायला वेळ नाही म्हणून दोन तास उभी राहते, खिडकीतली वेताची खुर्ची. तिने बसावे.’

तिने बसावे.

तेवढ्यात वकिलानं चष्मा वर केला. ‘ही साक्षीदाराची सही कुणाची?’ कुणाची काय, माझी! खाली दोन रेघा! म्हणतो, ‘मग हे कलम बाद. जो साक्षीला, त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. बाकी सगळं पक्कं, तुमचं तेवढं गेलं. मी गावाला होतो, पाकीट बंद आलं ते तसंच कपाटात गेलं. पण चिठ्ठी टाचली होती हो मी, ज्याला काही द्यायचंय त्याची सही नको!’ आणि चिठ्ठी दाखवली. त्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. काकूंची.

म्हणजे ठाऊक होतं त्यांना! मी फुगून तोंड फिरवून उभी, आणि त्यांना ठाऊक की ही आत्ता सही करते आणि खुर्ची घालवते... तरी म्हणाल्या, ‘बरं.’ आणि मग नवा कागद करायला निघाल्या होत्या, तर मला वेळ नव्हता.

लेक रडायला लागली. माझा हात धरला, सगळ्यांदेखत. ‘मावशी, कायद्यानं आता खुर्ची माझी ना? मग मी देते. आणि ते किल्लीचं...’ मी म्हटलं, ‘राहू दे गं.’ वकील म्हणतो, ‘पोच लागेल. इथं सही करा.’ मी दचकून मागेच झाले! म्हटलं, ‘सही नको हो! अंगठा घ्या हवं तर!’

खुर्ची मी स्वतः उचलून आणली. शिंप्याच्या दुकानासमोर मुद्दाम खाली ठेवली, म्हटलं, ‘बघ रे, हे तुझं सगळं! एक खुर्ची, आणि तीसुद्धा मृत्युपत्रातून नाही, लेकीनं दिली म्हणून.’ तर म्हणतो, ‘वहिनी, गादी शिवून देऊ का हिला?’

आता माझ्या खिडकीत आहे. चार वाजले की जाते, पाठ धरते आणि उभी राहते. समोर भिंत आहे नुसती, तिच्या पलीकडे पलंग होता. बसले नाहीये अजून. बसून बोलू कुणाशी? वेळ म्हणाल तर रग्गड आहे हो आता, चार ते सहा काय करायचं तेच कळत नाही, म्हणून तर तुमच्या दारात...

काय म्हणता, टेका जरा?

नको हो. वेळ कुठाय!