पांजणीच्या मैदानाला रंग नव्हता

जमलेल्या बंधूंनो, आयांनो, बहिणींनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. लिहून आणलं आहे, वाचताना अडखळले तर सांभाळून घ्या. माझ्याआधी जे बोलले त्यांनी नरसव्वाक्कांचे गुण सांगितले. ते सगळे खरे आहेत. मला मात्र माझं सांगायचं आहे, आणि ते चांगलं नाही. दुसऱ्याच्या शोकसभेत आपलं सांगत बसू नये, हे मला कळतं. पण ही गोष्ट आम्हा दोघींनाच पुरती माहीत होती. त्यांतली एक आता नाही.

मी नकाशेमास्तरांची थोरली मुलगी. मास्तर तिथे मागे, खांबाजवळ बसले आहेत. शहराचा नवा आराखडा ज्या कचेरीत तयार होतो, तिथे ते नकाशे काढतात. मी शाळेत उशिरा गेले. त्याआधी वडिलांनीच मला घरी शिकवलं, आणि घरात पुस्तकांपेक्षा नकाशे जास्त, म्हणून नकाशांवरूनच शिकवलं. मी वाचलेला पहिला शब्द ‘कोंडवाडा’. हे नरसव्वाक्कांना सांगितलं तेव्हा त्या हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, “आगं, देवाचं नाव तरी वाचायचं की पयलं! कोंडवाडा काय!”

पुढे वडिलांची नजर अधू झाली. रेघ ते अजूनही सरळ मारतात, पण हिरवा कुठला आणि निळा कुठला हे त्यांना ओळखू येत नाही. म्हणून ते नकाशे घरी आणत आणि रंग मी भरत असे. कचेरीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज तुम्हां सर्वांसमोर सांगते आहे.

आराखड्यात सगळ्यांच्या कामाच्या जागांना रंग द्यायचे असतात. त्यांची यादी ठरलेली असते. शाळेला, दवाखान्याला गुलाबी. बागेला हिरवा. बाजाराला पिवळा. विहिरींना आणि तळ्यांना निळा. स्मशानाला आणि कबरस्तानाला करडा. कोंडवाड्यालासुद्धा तपकिरी रंग असतो. रंग असलेली जागा गावाची, तिला कुणी हात लावायचा नाही. रंग नसलेली जागा मोकळी, तिचे तुकडे पाडून घरांसाठी द्यायचे.

आता पांजणीचं मैदान. तिथे कोण उभं राहिलं नाही? भल्या पहाटे मागावर चढायचा लांबच लांब ताणा लाकडी घोड्यांवर पसरायचा, सुताला खळ लावायची, आणि दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन बायका-पुरुषांनी पाऊल जुळवून चालायचं. पहिला हात फिरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोललं की पाऊल चुकतं, आणि पाऊल चुकलं की सूत तुटतं. नरसव्वाक्का लिंबाखाली उभ्या राहून दम भरत. “पयला हात फिरूस्तोवर तोंडं बंद! मग काय सासवांच्या चहाड्या करायच्या त्या करा!”

मी रंगाची वाटी घेऊन त्या मैदानापाशी आले. म्हणजे, नकाशातल्या मैदानापाशी. यादी वाचली. पांजणी यादीत नव्हती. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “यादीत नसेल तर कडेला शेरा लिही. साहेब विचार करतील.”

मी शेरा लिहिला नाही.

का नाही लिहिला? मी स्वतःला समजावलं, की तिथे पाळ्या ठरलेल्या असतात. सोमवारी ह्यांची, मंगळवारी त्यांची. मग ती जागा सगळ्यांची कशी? ती तर काही घरांची. मला वाटलं मी फार नियमाने वागते आहे. पाळ्या लावतं कोण आणि कशा, हे जाऊन विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. परवा अंत्ययात्रेला गेले तेव्हा बायकांकडून कळलं. ज्या घरात कमावता माणूस नाही त्यांची पाळी पहिली. मोमीन मंडळींची पाळी शुक्रवारी कधी नाही. बाळंतिणीच्या घरचा ताणा शेजाऱ्यांनी करायचा. हे सगळं एकट्या नरसव्वाक्कांच्या डोक्यात होतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. याहून सार्वजनिक जागा सोलापुरात दुसरी कुठली होती?

इथवरची चूक मूर्खपणाची. पुढची मूर्खपणाची नाही.

आराखडा लोकांनी बघावा म्हणून कचेरीबाहेर लावला. ज्याची हरकत असेल त्याने महिन्याभरात अर्ज द्यायचा होता. एके दुपारी नरसव्वाक्का आमच्या दारात आल्या. हाताला खळ वाळलेली. मला म्हणाल्या, “पोरी, तुला वाचता येतं. आमचं मैदान हाय का कागदावर?”

मी म्हणाले, “आहे.”

“नक्की हाय न्हवं?”

“आहे, अक्का.”

खोटं नव्हतं. मैदानाची चौकट होती, आत नाव होतं. पण त्या काय विचारत होत्या हे मला कळत होतं. रंग नाही, हे मला माहीत होतं. रंग नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, रंग भरतं कोण? आणि वडिलांची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

त्यांनी घरोघर सांगितलं, “मास्तराच्या पोरीनं सांगितलंय, मैदान हाय म्हणून.” मास्तरांच्या मुलीने सांगितलं, मग शंका कोण घेणार? या गल्लीतून एकही हरकत गेली नाही. बंधूंनो, तुम्ही निष्काळजी नव्हता. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला.

मग कुणाची हरकत नाही म्हणून, मंजुरी यायच्या आधीच मैदानाला तारेचं कुंपण पडलं. आजची सभा या शाळेच्या ओसरीत का आहे? नरसव्वाक्कांची सभा लिंबाखाली व्हायला हवी होती. तार पडल्यापासून ताणे गल्लीत लागतात. टांगा आला की सगळं आवरायचं, गेला की पुन्हा पसरायचं. त्या वयात त्या वाकून तुटलेली सुतं सांधत होत्या, ते मी आमच्या खिडकीतून बघत होते. त्या तापाने गेल्या, हे खरं आहे. त्यांचं मरण मी माझ्या अंगावर ओढून घेत नाही, तोही एक मोठेपणाच होईल. पण शेवटचे सहा महिने त्यांना गल्लीत वाकायला लावलं ते मी.

आजारपणात मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तवाच का न्हाय सांगितलंस?”

“भीती वाटली, अक्का.”

“कुणाची? माझी? मी काय वाघ हाय?” आणि लगेच म्हणाल्या, “कागद पक्का झालाय का अजून?”

मी म्हटलं, सरकारची मंजुरी यायची आहे.

“मग लिही की! रडतीस काय? लिही, आन् मला वाचून दाखव.”

मी हो म्हटलं. आणि लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू. अर्जात खरं लिहायचं तर वडिलांचं नाव येणार, ते टाळून कसं लिहावं याचे मी रोज मसुदे करत होते आणि फाडत होते. त्यांनी दोनदा निरोप पाठवून विचारलं. मी वाचून दाखवायच्या आधीच त्या गेल्या.

आता तो अर्ज लिहिला आहे. तो हा. मैदान काय कामाचं आहे, पाळ्या कशा लागतात, रंग कुणी भरला, शेरा का नाही, सगळं आहे. सकाळी तो वडिलांपुढे ठेवला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होते. ते म्हणाले, “चतुःसीमा लिहिली नाहीस. त्याशिवाय अर्ज टिकत नाही.” आणि त्यांनी स्वतः सांगितली. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस विहीर. मी लिहून घेतली. मग म्हणाले, “माझं नाव पुसट आलंय. नीट काढ.”

उद्या कचेरी उघडली की आम्ही दोघं तो देणार आहोत. ज्यांना सही करायची असेल, अंगठा द्यायचा असेल, त्यांनी सभेनंतर यावं. माझ्यावर राग असेल तरी यावं. उशीर झाला आहे का, ते मला माहीत नाही.

अक्का, तुम्हांला वाचून दाखवायचं राहिलं होतं. आज तुमच्या माणसांसमोर सांगितलं.

आता सर्वांनी उभं राहावं. घड्याळ बघू नका. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंचा जायला किती वेळ लागतो, ते इथे सगळ्यांच्या पायांना ठाऊक आहे. तेवढा वेळ.

पहिला हात फिरेपर्यंत कुणी बोलू नये.