झऱ्यावरच्या कॅमेऱ्यातला चौदावा फोटो

दिनांक १५ जानेवारी २०२५, सकाळी ११.४० वाजता

मी सौ. रत्नमाला पुंजाराम साबळे, वय ३१ वर्षे, धंदा अभयारण्यात रोजंदारीने वनमजुरी, राहणार मौजे वडदरा, तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. आज स्वतः ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझी मुलगी सोनिया वय ८, सासू साळूबाई आणि दीर सांडू कडुबा साबळे वय २७ असे एकत्र राहतो. चूल एकच आहे. माझे पती चितेगावला कंपनीत कामाला असून तिथेच खोली करून राहतात व पंधरा दिवसांनी घरी येतात.

मी तीन वर्षांपासून अभयारण्यात काम करते. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणे, पाणवठे साफ करणे, रविवारी आलेल्या पर्यटकांच्या गाड्या नोंदवून त्यांनी टाकलेल्या बाटल्या वेचणे ही कामे आहेत. पर्यटक विचारतात, बिबट्या कुठे दिसेल. मी सांगते, तो तुम्हाला बघून केव्हाच गेला. याशिवाय झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची कार्डे दर रविवारी बदलणे हे काम वनरक्षक तहरीम शेख मॅडम यांनी मला शिकवले. जनावर समोरून गेले की कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि त्यावर तारीख, वेळ उमटते.

दोन वर्षांपूर्वी बिबट्याने गावातले वासरू मारल्यावर कोणीतरी मढ्यावर विष टाकले होते. तेव्हापासून मॅडमनी रविवारी संध्याकाळी शाळेच्या टीव्हीवर हे फोटो गावाला दाखवायची रीत पाडली. अर्धे गाव व्हरांड्यात बसते. झऱ्यावर येणाऱ्या बिबट्याच्या मादीला आमच्या शेजारच्या दगडाबाईंनी मालन असे नाव ठेवले, कारण ती त्यांच्या नणंदेसारखी मान ताठ ठेवून चालते. मालनला यंदा दोन पिले आहेत. तिला नाव पडल्यापासून गावात विष टाकलेले नाही.

मॅडमचे दोन नियम होते. फोटो आधी आपण बघायचे, मग गावाला दाखवायचे. आणि जागा व वेळ कोणाला सांगायची नाही. मॅडम आईच्या ऑपरेशनमुळे डिसेंबरपासून रजेवर शहरात आहेत. त्या नसताना मी दोन्ही नियम मोडले. वेळेची पट्टी टीव्हीवर तशीच दिसू दिली. फोटो दाखवताना बोट ठेवून सांगत गेले की हा खालचा झरा, इथे मालन संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, पिले मागून येतात. एरवी मला घरात कोणी दोन वाक्ये बोलू देत नाही, तिथे सगळे गाव गप्प ऐकायचे. मला ते आवडायचे. सांडू दर वेळी पुढे बसायचा. डिसेंबरात एकदा त्याने विचारले, "वहिनी, रोज याच टायमाला येती का ती?" मी म्हणाले, "व्हय, घड्याळ लावून." त्याला वाट मीच सांगितली, हे मला जबाबात लिहून हवे आहे.

दि. १२ रोजी रविवारी दुपारी मी खालच्या झऱ्यावरचे कार्ड काढून आणले. संध्याकाळी सहा वाजता व्हरांडा भरला होता, पोरे गलका करत होती, म्हणून मी न बघताच कार्ड टीव्हीला लावले. पहिले तेरा फोटो रानडुकरांचे व मोरांचे होते. चौदाव्या फोटोत, दि. ११ दुपारी ४.५२ वाजता, दोन इसम झऱ्याच्या वाटेवर वाकलेले दिसले. एकाने तोंडाला टॉवेल बांधला आहे, तो मला ओळखू आला नाही. दुसरा पाठमोरा आहे. त्याच्या हातात मोटारसायकलीच्या क्लच वायरचे फास आहेत. अंगात राखाडी स्वेटर असून उजव्या कोपरावर हिरव्या चौकड्याचे ठिगळ आहे. ते ठिगळ सोनियाच्या शाळेच्या जुन्या फ्रॉकचे आहे. दिवाळीनंतर मीच ते लावले.

सगळ्यांना तो स्वेटर माहीत आहे. सांडू पुढच्या रांगेत बसला होता, तोच स्वेटर घालून. दगडाबाई म्हणाल्या, "पुढचं दाव बाई." मी पुढचा फोटो लावला. त्यात त्याच दि. ११ रोजी संध्याकाळी ६.०५ वाजता मालन खडकावरून दुसऱ्या बाजूने गेलेली दिसते, पिलांसह. लोक त्या फोटोला नेहमीसारखे हसले, पण थोडेच.

जेवताना सांडूने विचारले, "वहिनी, कार्ड कुठंय?" मी सांगितले की मॅडमकडं पाठवलं. हे मी खोटे बोलले. मॅडम गावात नाहीत हे त्याला ठाऊक होते. तो हसला आणि अजून एक भाकरी मागितली. मी वाढली. वाढताना माझी नजर हळदीच्या डब्याकडे गेली, ते सासूबाईंनी पाहिले. कार्ड मी हळदीच्या डब्यात तळाशी घातले होते. आज जमा केलेल्या कार्डाला पिवळे लागले आहे ते त्यामुळे.

दि. १३ रोजी सकाळी मी झऱ्यावर गेले. कॅमेऱ्याचा पट्टा कापलेला होता, कॅमेरा नव्हता. वाटेवर घाणेरीच्या झुडपांत मला तीन फास दिसले, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे पिलांच्या गळ्याइतके. मी पहिल्या फासाला हात घातला तेव्हा वरच्या बाजूने शीळ ऐकू आली. ती शीळ मी ओळखते. आमच्या घरी बैलाला पाणी पाजताना तशीच घालतात. मी फास तसेच टाकून पळाले. पायातली चप्पल तिथेच राहिली. मला याची लाज वाटते, पण त्या वेळी मला फक्त भीती वाटत होती.

त्याच दुपारी पतींना फोन केला. ते म्हणाले, "घरातलं घरात मिटव. दिऊन टाक कार्ड." मी फासांचे सांगितले. ते म्हणाले, "जनावरासाठी भावाला आत घालतीस व्हय?" मग म्हणाले, "पोरीला काय करणार नाय तो." मी पोरीचे नावही काढले नव्हते. मी फोन ठेवला.

दि. १४ रोजी संक्रांत होती. सकाळी आठच्या सुमारास सांडू माझ्यासमोर आला, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला व म्हणाला, "गोड बोला, वहिनी." दर वर्षी तो पाया पडतो, काल पडला नाही. मी तिळगूळ खाल्ला नाही, पदरात बांधला. तो ठाण्यात दाखवला आहे, त्यात काही नाही, साधाच आहे.

त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने सोनिया ओट्यावरून आत आली. हलव्याचे दागिने घालायचे म्हणून ती नवा फ्रॉक घालून होती. तिच्या गळ्यात तार होती. ती म्हणाली, "आई, काकानं माळ केली." तो क्लच वायरचा फास होता. मी घाईत तार ओढली, तर ती आवळली. त्या फासाची गाठ तशीच असते, ओढली की बसते, हे मला माहीत असून मी ओढली. सोनिया आधी हसत होती, मग रडू लागली, मग तिला रडताही येईना. सासूबाई खोबरेल घेऊन आल्या, त्यांनी तिच्या गळ्याला तेल चोळले व गाठ नखाने उलट सरकवून तार काढली. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. सांडू दारात उभा होता. तो म्हणाला, "खेळत होतो." मुलीच्या मानेवरचा वळ दवाखान्यात दाखवला असून कागद जोडला आहे. तार सोबत आणली आहे.

मी कपडे न बदलता सोनियाचा हात धरला. तेव्हा सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "सांडू, बैल तहानलाय, हौदावर ने आधी." बैलाला पहाटेच पाणी दाखवले होते. सांडू गेला. सासूबाईंनी सोनियाच्या अंगात स्वेटर घातला, हळदीचा डबा माझ्या पिशवीत टाकला व दार लावून घेतले. डब्यात काय आहे हे त्यांना ठाऊक होते का, हे मी विचारले नाही.

जवळच्या ठाण्यात जायचे तर बस गावच्या थांब्यावरूनच धरावी लागते, तिथे सगळ्यांनी पाहिले असते. म्हणून शेतातून पुढच्या गावापर्यंत चालत गेलो व तिथून एसटीने शहरात आलो. बस क्रांती चौकात सिग्नलला थांबली तेव्हा राखाडी स्वेटरचा एक माणूस चढला. तो कोणी दुसराच होता, पण मी सोनियाला सीटखाली वाकवले. रात्री मॅडमच्या घरी राहिलो. मॅडमनी वरिष्ठांना कळवले. पथकाने आज सकाळी जागा शोधली, पण घाणेरी दाट असल्याने फास सापडले नाहीत. मालन संध्याकाळी सहाला येते. दुपारी दोनला गाडी निघणार आहे आणि जागा दाखवायला मी जाणार आहे. सोनिया मॅडमकडे राहील. मला भीती वाटते, तरी जाणार आहे. चप्पल जिथे पडली आहे तिथून डावीकडे पहिला फास आहे.

चौदाव्या फोटोतील पाठमोरा इसम माझा दीर सांडू कडुबा साबळे हाच आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून बोलत नाही.

मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. पहिल्या परिच्छेदाशी मी थांबवले व 'राहणार वडदरा' एवढे खोडण्यास सांगितले. जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी विचारले, मग तिथे काय लिहू. मी मॅडमच्या घराचा पत्ता सांगायला लागले, पण तिथे मी एकच रात्र राहिले आहे. तेव्हा वडदऱ्याचा पत्ता तसाच ठेवला आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले असून ते खरे आहे.

सही: रत्नमाला पुंजाराम साबळे