बैलाच्या कानातली गोचीड

— नाई, नाई, जमादारसाहेब, गोचीड म्हणजे गोचीडच. बैलाच्या कानात बसते थे. दुसरा काई अर्थ नाई तिचा, मी तुमाले तेच सांगून राह्यली. बसा ना. खुर्ची एकच हाये शाळेत, पण मजबूत हाये. पाणी देऊ? नको? बरं. तुमी माह्या वर्गातल्या पंचफुलाले सकाळपासून चावडीवर बसवून ठेवलं. नऊ वर्साची पोट्टी थे. रडून राह्यली काय हो? — माह्यं ऐका, अन् मंग तिले घरी धाडा. तुमच्याबी घरी लेकरं असतीन.

झालं असं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तिसरीच्या पोरींले मी धड्याचा मतलब काढाले शिकवून राह्यली होती. वाचता साऱ्यांले येते हो, घडघड वाचतात, पण इचारलं, काय वाचलं बाई? तं एकमेकीच्या तोंडाकडं पाहतात. म्हणून मी फळ्यावर एक उतारा लिवला. — पुस्तकातला? हो, पुस्तकातलाच... तुमी पानं कायले उलटून राह्यले? बरं. नाई पुस्तकात. मीच रचला. पुस्तकात कसं हाये साहेब, धड्याखाली सार छापलेलंच असते, पोरी तेच घोकतात, डोकं चालवतच नाईत. अन् घरोघरी बैल सजवले होते, तं बैलाचाच रचला. दुसरं काई मनात नव्हतं — शप्पत!

उतारा असा — एका बैलाच्या कानात गोचीड बसली. बैल म्हणे, कोण होय तू? गोचीड म्हणे, मी तुई राखणदार, मी गेली तं तुले माशा खातीन. बैल वाळत चालला, गोचीड फुगत चालली. मंग एक दिवस बैलानं बाभळीच्या खोडाले कान घासला. बस, एवढंच. मी इचारलं, मतलब काय? सोजर म्हणे, बैलाले दोन कान असतात. दुसरी म्हणे, बाभळीले काटे असतात. मी म्हटलं, बाई वो, हे खरं हाये, पण हा गोष्टीचा जीव नव्हे. एकेक वाक्य हातानं झाका. जे झाकल्यावर गोष्ट मरते, त्याच्यापाशी थांबा, अन् सोताच्या शब्दात सांगा. बाभळ झाकली — चाललं, बैल दगडाले कान घासन. माशा झाकल्या — तरी चाललं. पण बैल वाळला, गोचीड फुगली, हे झाकलं मात्र, तं साऱ्या पोरी वरडल्या — बाई, गेली गोष्ट! तवा पंचफुला उठली. एरवी तोंड उघडत नाई थे. म्हणे, "बाई, गोचीड आपल्या मनानं जात नाई, तिले उपटाच लागते." — आता मी काय म्हणू? बरोबर होतं साहेब. शाबास म्हटलं. डोळ्यात पाणी आलं माह्या... म्हणजे कौतुकानं हो. इंग्रज सरकारचं नावबी नाई निंघालं कोणाच्या तोंडून.

आता तेच वाक्य चावडीच्या भिंतीवर कोळशानं कोणं लिवलं, मले काय माईत? पोरी घरी जाऊन सांगतात, घरचे हासतात, बाजारात बोलतात — साऱ्या अनसिंग गावाले पाठ झालं असन. पंचफुलानं नाई लिवलं. तिचा हात तरी पुरते काय तिथवर? अन् थे अजून 'ड' उलटा काढते. भिंतीवरचा 'ड' पाहा, कसा सुबक हाये, शिकलेल्या माणसाचा हात हाये तो. — मी? मी विधवा बाई, दिवे लागल्यावर घराबाहेर पाय टाकत नाई, लोकं काय म्हणतीन. असे डोळे नका वटारू हो. नोकरी जाईन तं जाऊ द्या... नाई, तसं नाई म्हणत, नोकरीशिवाय कोण हाये मले? — पण पोरीले सोडा.

काय म्हटलं? तिचा भाऊ? जगदेव? टेशनाजवळची तारायंत्राची तार तोडली म्हणून तुमी ज्याले हुडकून राह्यले, थो? थो कसा लिहीन साहेब! काईतरीच बोलता. त्याले तं उभंबी राहता येत नाई, टाच अशी फाटली हाये त्या तारेनं, का हळद दाबून दाबून मी —

...

म्हणजे, लोकं म्हणतात. लोकं म्हणतात तसं. मी कुठं पाह्यलं? — काहून उठले तुमी? बसा ना. पाणी तरी प्या. मी लिवलं भिंतीवर, मीच लिवलं, धुरपताबाईनं लिवलं म्हणून सांगा वर, मले न्या. — त्या खोलीकडं कायले? तिकडं काई नाई. सरपण हाये, फुटक्या पाट्या हायेत, साहेब, कडी नका काढू, पाया पडते तुमच्या, त्या खोलीत कोणी —

जगदेव! पय! पय रे बाबू, मांगच्या दारानं पय!